दोन दांडू कमी

ज्या माणसाने आयुष्यात एकदाही पुरतं मागितलं नाही, अशा माणसाबरोबर मी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. हे ऐकून कुणाला वाटेल, केवढा संतोषी जीव असेल तो. ज्याला असं वाटतं त्याने त्यांच्याबरोबर एक आठवडा स्वयंपाक करून दाखवावा. दोघांना जेवढे तांदूळ लागतात त्याहून मूठभर कमीच ते चुलीवर टाकायचे. मी म्हणायचो, "गुरुजी, पुरत नाही हो." ते म्हणायचे, "लागला तं आनखी टाकू." आता शिजलेल्या भातात आणखी तांदूळ कसे टाकतात, हे त्यांनी मला तीन वर्षांत कधी दाखवलं नाही. मी उपाशी उठायचो आणि ते ढेकर द्यायचे.

गाव मेडशीच्या फाट्यावरून आत होतं. तेव्हा वाशीमकडचे आम्ही सगळे अकोला जिल्ह्यात मोडत होतो, आणि जिल्ह्याच्या साहेबांना आमच्या शाळेची आठवण वर्षातून एकदा येत असे. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी अकोल्याहून नवा नेमून आलेला, विशी ओलांडलेला, कबड्डीचं वेड असलेला मास्तर. माझ्याआधी शाळेवर ते एकटेच होते. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे, काटकुळे, धोतरावर काळा कोट घालणारे. अनसिंगकडच्या एका खेड्यातले. गावात त्यांना खोली देणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे किराणा दुकानवाले चाचा. गुरुजी बौद्ध होते, त्यामुळे बाकीच्यांच्या खोल्या ते विचारायला गेले की नेमक्या भरलेल्या असत. मी चाचांच्या दुकानामागे राहायला गेलो ते काही समाजसुधारणेसाठी नाही. विहीर जवळ होती म्हणून गेलो.

शनिवारी दुपारी ते घरी जायचे. एसटीत बसले की कंडक्टरला सांगायचे, "आमच्या फाट्यावर गाडी थांबवली नाई तरी चालते, जराशी हळू करा." कंडक्टर बिचारा ऐकायचा. गाडी हळू व्हायची आणि गुरुजी छत्री, पिशवी आणि धोतराचा सोगा सांभाळत चालत्या गाडीतून उडी टाकायचे. एकदा गुडघे फोडून घेतले. मी म्हटलं, "अहो, थांबवा म्हणायला काय होतं?" तर म्हणाले, "थांबवा म्हनलं का तो घड्याळ पाह्यते. हळू करा म्हनलं का लगेच करते." सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न होतं, तेव्हा त्यांनी रजा मागितली ती एक दिवसाची. आदल्या दिवशीचं जेवण जेवले आणि परत शाळेवर हजर झाले. लग्न तिकडे त्यांच्यावाचून लागलं. दुसऱ्या दिवशी ते मुलांना गुणाकार शिकवत होते आणि मी त्यांच्याकडे नुसता पाहत बसलो होतो.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकायला लागलं की माझं डोकं दुखायला लागे. "भाऊ," ते मला म्हणत, "पुरतं मांगलं का देनारा मोजते. कमी मांगलं का तो देऊन टाकते अन् इसरून जाते. आपल्यावर मोजायची पाळी येऊ द्याची नाई."

हे तत्त्वज्ञान त्यांना सापडलं होतं विटी-दांडूत.

आमच्या गावात विटी-दांडू हा पोरांचा खेळ नव्हता. म्हणजे पोरं खेळतच, पण थंडीत, वावरातली घाई जरा ओसरली की मिशीवाले बापेही खेळत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तर मोठाच सामना होई. पाटलाच्या वाड्याकडचे एका बाजूला आणि बाजारओळीतले, म्हणजे दुकानदार, शिंपी, मास्तर वगैरे दुसऱ्या बाजूला. पंच म्हणून चाचा उभे राहत, कारण त्यांच्या इमानाबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. त्यांच्या जिभेबद्दल मात्र होती.

खेळात खरी मजा होती ती मागणीत. टोला मारला, विटी लांब जाऊन पडली, की मारणाऱ्याने तिथून विटी मारायच्या खळग्यापर्यंत डोळ्याने अंदाज घ्यायचा आणि मागायचं, अमुक दांडू. समोरच्यांना पटलं तर ते म्हणणार, "दिले." नाही पटलं तर म्हणणार, "मोजा." मग दांडू जमिनीवर टेकवत टेकवत मोजायचं. मागितलं तेवढं भरलं तर दुप्पट मिळत. कमी भरलं तर आधीचे साठवलेले सगळे जळाले. त्यामुळे मागताना माणूस दहादा विचार करी. मारतानाही तसंच. उंच मारला तर विटी लांब जाणार, पण झेल जायची भीती. खालून सरपटी मारला तर झेल नाही, पण विटी दोन ढेकळं ओलांडून बसणार. माणूस कसा आहे ते या दोन गोष्टींवरून कळतं, असं चाचा म्हणत.

मी उंच मारणारा. माझे झेल जात, माझे दांडू जळत, पण दोन-चार टोले असे बसत की गाव आठवडाभर बोले. गुरुजी कायम सरपटी. आणि मागताना, विटी कुठंही पडो, डोळ्याला दिसतात त्याहून दोन दांडू कमी. वीस दिसले तर अठरा. दहा दिसले तर आठ. समोरचे हसत हसत "दिले" म्हणत. त्यांच्यावर कधी कुणी "मोजा" म्हटलं नाही, आणि त्यांनी कधी दुप्पट मिळवले नाहीत. पोट्ट्यांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, दोनकमी गुरुजी. त्यांच्याच बाजूने खेळायचं म्हणजे बैलाच्या शेपटीला धरून शर्यत धावण्यासारखं होतं.

हा माणूस अंगातच थंड असता तर मी सोडून दिलं असतं. पण एकदा भल्या सकाळी मी ओढ्याकडे गेलो होतो. पलीकडच्या पडीक जागेत गुरुजी एकटेच, धोतर खोचून, दांडू घेऊन उभे. विटी टिचकीने वर आली आणि त्यांनी जो टोला हाणला, तो ओढ्याकाठच्या बाभळींवरून पार निघून गेला. मी तिथंच टमरेल घेऊन उभा राहिलो. दुसरा टोला, तोही बाभळींवरून. तालुक्यात असा टोला मारणारा माणूस नसेल. मी पुढं होऊन विचारलं, "गुरुजी, हे काय?" ते जरा ओशाळले. विटी शोधायला खाली वाकले आणि म्हणाले, "हात मोकळा करून राह्यलो होतो." मी विचारलं, "मग सामन्यात काहून नाही मारत असा?" ते म्हणाले, "सामन्यात झेलनारे राह्यतात."

मी टमरेल घेऊन पुढं निघून गेलो.

आता शाळेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. शाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत असे. बौद्धवाड्यातली मुलं मंडपात येत नसत. ती खाली, पायऱ्यांच्या पुढं, लिंबाच्या झाडाखाली उघड्यावर बसत. त्यांना कुणी हाकललं होतं असं गावात कुणी म्हणत नसे. "त्याईची पद्धतच हाय तशी," असं म्हणत. गुरुजीही मंडपात पाऊल ठेवत नसत. ते शेवटच्या पायरीवर उभे राहून शिकवत. थोडं वर तोंड करून, थोडं खाली तोंड करून. पाऊस आला की वरच्यांचा वर्ग चालू राही आणि खालची मुलं पाट्या डोक्यावर धरून घरी पळत. पावसाळा संपेपर्यंत वरची मुलं भागाकारावर गेलेली असत आणि खालची अजून वजाबाकीत.

तर जिल्ह्याहून निरोप आला होता, की गावाने जागा दिली तर सरकार दोन खोल्या बांधून देईल. जागा मार्चच्या आत पाहिजे, नाही तर खोल्या दुसऱ्या गावाला जातील. गावात रस्त्याला लागून देण्यासारखी जागा एकच, पाटलाचं पडीक वावर. चांगलं तीन एकरांचं, आणि गेली काही वर्षं त्यात फक्त आमचा विटी-दांडूच पिकत होता.

पाटील माणूस वाईट नव्हता. पण त्याचं देणं चारचौघांत असे आणि पस्तावणं घरी गेल्यावर. एकदा तालमीच्या पोरांना दूध प्यायला म्हैस दिली होती सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गडी पाठवून तिला परत नेलं, म्हणे तिला तिथलं पाणी मानवत नाही.

मी म्हटलं, गुरुजी, आपण सरळ दोन एकर मागू. शाळेला मैदान हवं, कबड्डीचं अंगण हवं, झाडं लावायला जागा हवी. मागायचंच आहे तर तोंड भरून मागू. ते म्हणाले, "पाहू." आणि मला न सांगता एकटेच पाटलाकडे जाऊ लागले. पहिल्या वेळी त्यांनी अर्धा एकर मागितला. पाटील म्हणाला, विचार करतो. दुसऱ्या वेळी पाव एकर मागितला. तिसऱ्या वेळी म्हणाले, जेवढी तुमच्या मनात असन तेवढी. मला हे कळलं तेव्हा मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा बाकी होतो. "अहो, बाजारात भाजीवालीसुद्धा भाव खाली आणते तो गिऱ्हाईकाने मागितल्यावर. तुम्ही दोन्ही बाजूंनी तुम्हीच?" यावर त्यांनी कंदिलाची वात जरा खाली केली. वातसुद्धा त्यांना पुरती लागत नसे.

तशात कर आली.

त्या दिवशी सगळं गाव पाटलाच्या वावरात जमलं होतं. बौद्धवाड्यातली माणसंही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. खेळ रंगात आला होता. माझे नेहमीप्रमाणे सगळे दांडू जळाले होते आणि पाटलाची बाजू जिंकत आली होती. त्यामुळे पाटील खुशीत होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, शाळेच्या जागेचं पाहतो मी. देनार हावो. पाटलाचा शब्द हाय."

चाचा सुपारी कातरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पाटील, शब्द तो भैंस का भी था. भैंस शाम को घर आ गई."

सगळं वावर हसलं. धुऱ्यावरचे लोकही हसले, आणि ते पाटलाला फार लागलं. तो उठून मधोमध आला.

"हसता कायले? आज मिटवून टाकतो मी हे," तो म्हणाला. "मास्तर, घ्या दांडू. एकच टोला मारा. या खळग्यापासून इटी जिथं पडन तिथपर्यंत, रस्त्याले लागून तेवढंच लांब अन् तेवढंच रुंद, वावर शाळेचं. सगळ्याईसमोर सांगून राह्यलो. पन झेल गेला तं जागेचं नाव पुना काढाचं नाई."

"और मागणी?" चाचांनी विचारलं.

"खेळ हाय तं खेळाचा कायदा. मागनी करा. जास्तीचं मांगलं अन् मोजून कमी भरलं, तं सगळंच गेलं."

पाटलाचा पुतण्या, लांब हातांचा, ज्याच्या हातून झेल सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, तो न सांगताच मागे मागे सरकत दूर जाऊन उभा राहिला. मी धावत गुरुजींकडे गेलो.

"गुरुजी, तो बाभळींवरचा टोला. आज तो काढा. सगळं वावर आपलं आहे."

ते दांडूला धोतराने पुसत होते. "पुतन्या कुठं उभा हाय पाह्यलं का?"

"त्याच्या डोक्यावरून जाते तुमची विटी. मी डोळ्यानं पाहिलंय."

"जाते. धा वेळा मारली तं सात वेळा जाते."

"मग झालं तर."

"अन् तीन वेळा जात नाई," ते म्हणाले. "त्या तीन वेळाचं मी त्याईले काय सांगू?" त्यांनी धुऱ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळलं ते कुणाबद्दल बोलताहेत.

मी म्हटलं, "आयुष्यात एकदा तरी मोठं मारा हो." माझा आवाज रडवेला झाला असावा. त्यांनी वाकून विटी ठेवली, तिच्या टोकावर दांडू मारला, विटी गुडघ्याएवढी वर आली आणि त्यांनी तिला खालून, सरपटी, नेहमीसारखा टोला दिला.

विटी जमिनीला घासत गेली, एका ढेकळावर आपटून थोडी उडाली आणि थांबली. पुतण्या तिच्यापासून इतका दूर होता की तो कंबरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. पाटलाने मांडीवर थाप मारली. धुऱ्यावर कुणीतरी सुस्कारा टाकला. मी खाली बसलो. तीन एकरांच्या वावरात आमची शाळा एवढी झाली होती, जेवढ्यात पाटलाच्या दोन गाड्या सोडल्या तर बैलांना वळता आलं नसतं.

"मांगा मास्तर," पाटील हसत म्हणाला. "मांगा ना."

तीस दांडू दिसत होते. पोट्टे "तीस, तीस" ओरडत होते. मला तर बत्तीस वाटत होते. गुरुजींनी विटीकडे पाहिलं, खळग्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अठ्ठावीस."

पाटलाच्या ओठांवर "मोजा" आलं होतं, मी शपथेवर सांगतो. अठ्ठावीस ऐकल्यावर ते तिथंच राहिलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, "दिले. मास्तर, तुमी तं माह्यं वावर वाचवलं."

मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. खोलीत आल्यावर मात्र माझा बांध फुटला. ते चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होते आणि मी उभा राहून ओरडत होतो. देवाने ताट वाढून पुढं ठेवलं होतं आणि तुम्ही त्यातली मिठाची चिमूट उचलली, असं काहीतरी म्हणालो. पोरांनी कबड्डी कुठं खेळायची, प्रार्थनेला कुठं उभं राहायचं, पंधरा ऑगस्टला झेंडा कुठं लावायचा, छपरावर? बरं, सरपटी तर सरपटी, पण समोर धडधडीत दिसत असलेले दोन दांडू कुणाच्या बापाला सोडले? भित्रेपणालाही काही हद्द असते. हा शब्द मी वापरला आणि तो मी आजही मागे घेतलेला नाही.

ते तांदूळ निवडत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुमी लहानपनी शाळेत कुठं बसत होते?"

"वर्गात. कुठं बसणार?"

"मी मैदानात बसत होतो," ते म्हणाले. "चार वर्सं. खिडकीच्या खाली, भाईर. मास्तर खिडकीतून वाकून पाटी पाहे. उन्हात पाटी भल्ली तापे, हात लावू देत नसे. भलं मोठ्ठं मैदान होतं ते. पार नदीपर्यंत." त्यांनी एक खडा काढून चुलीत टाकला. "तुमाले मैदानाची आवड हाय, ते बराबर हाय. मले मैदान पुरलं. मले चार भिती पायजेत अन् वरतून टीन. तेवढं अठ्ठावीस दांडूत बसते. मी उभ्या उभ्या पाह्यलं होतं."

मी खाटेवर बसलो. मी विचारलं, "आणि ते दोन?"

"ते मोजाले येनाऱ्यासाठी."

"आता कोण मोजायला येतंय? 'दिले' म्हणाला की तो."

"भात कमी टाकू का पुरता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरता. त्यांनी नेहमीएवढाच टाकला.

सकाळी उजाडल्याबरोबर चाचांनी दार वाजवलं. पाटील वावरात आला होता. सोबत पुतण्या, दोन गडी आणि कालचाच दांडू. रात्री घरच्या मंडळींनी त्याचे कान भरले असणार, कारण तोंड म्हैस नेली त्या दिवशीसारखंच होतं. म्हणाला, "मास्तर, दिलं ते दिलं. पन एक बार मोजून घेतलेलं बरं. पुढं भानगड नको." गाव हळूहळू जमा झालं. धुऱ्यावरही माणसं येऊन उभी राहिली. विटी जिथं पडली होती तिथं काल चाचांनी दगड ठेवला होता. पुतण्याने त्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. तो दांडू टेकवत होता आणि आकडे मोठ्याने म्हणत होता. वीसपर्यंत मी उभा होतो. पुढं मी खळग्यापाशी जाऊन उकिडवा बसलो.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसाव्याला दांडू खळग्याच्या बाहेर चार बोटं गेला. तीस भरत नव्हते. काल सगळं गाव तीस ओरडत होतं. मला बत्तीस दिसत होते. त्याच क्षणी मला गुरुजींचा इतका राग आला की सांगता येत नाही. बरोबर असलेल्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा चुकलेल्याचा येत नाही.

पाटील दांडूकडे पाहत उभा राहिला. तो कापायला आला होता आणि कापायला काही निघालं नव्हतं. उलट पुतण्याच भाबडेपणाने म्हणाला, "काका, पावनेदोन दांडू त्याईचंच जास्तीचं निंगते." लोक बघत होते. पाटील आता मागे कसा फिरणार?

"ते राहू द्या पाटील," गुरुजी म्हणाले. "तुमची गाडी वळाले जागा लागन."

पाटलाने गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "चला, तलाठ्याकडं जाऊन येऊ. उद्या माह्यं मन फिरन." इतकं खरं बोललेला पाटील मी तेवढाच एकदा पाहिला. दोघं एकाच गाडीत बसून गेले आणि दुपारपर्यंत जागा शाळेची झाली.

खोल्या झाल्या. अठ्ठावीस दांडूंत दोन खोल्या, पुढं हातभर व्हरांडा आणि झालं. माझं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. प्रार्थना रस्त्यावर व्हायची. कवायत रस्त्यावर. पाटलाची गाडी आली की आम्ही "सावधान" म्हणायचो आणि सगळी मुलं कडेला होत. कबड्डीची रेघ मारली तर अर्धी रेघ पाटलाच्या वावरात जाई, आणि खेळात पकडलेल्या पोरावर पाटलाचा गडी ओरडे. मी दर वेळी गुरुजींकडे पाहायचो. ते दर वेळी छत्री उघडून बघत, तिची एखादी काडी मोडली आहे का.

पण शाळा उघडली तो पहिला दिवस सांगायचा राहिला.

देवळातली मुलं आली, ती सरळ आत जाऊन ऐसपैस बसली. बौद्धवाड्यातली मुलं आली आणि व्हरांड्याच्या खाली, रस्त्याच्या कडेला, ओळीने बसली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पाट्या मांडीवर घेतल्या आणि शिकवायला सुरुवात होईल म्हणून वाट पाहू लागली. आकाश भरून आलं होतं.

गुरुजी आतून बाहेर आले. "आत," ते म्हणाले.

मुलं उठली, आत गेली आणि दाराशी, मागच्या भिंतीला चिकटून, एकमेकांच्या अंगावर बसली. जेवढी जागा एका मुलाला लागते तेवढ्यात तिघं.

"पुढं," गुरुजी म्हणाले.

मुलं हातभर सरकली.

"आनखी पुढं."

आणखी हातभर. बाकीची मुलं कुरकुरत बाजूला होऊ लागली. एक पोरगी मधेच थांबली आणि म्हणाली, "गुर्जी, एवढं पुरते."

तीन वर्षांत मी त्या माणसाचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो पत्र्यावर जाऊन आपटला. "पुरते म्हनू नको. पुढं सरक. आनखी. आनखी सरक."

ती सरकत सरकत पार माझ्या टेबलाच्या पायाशी आली. मागून सगळी रांग आली. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. मी म्हटलं, "गुरुजी, आता पुढं टेबल आहे. जागाच नाही."

"मंग टेबल काढा."

"आणि ठेवू कुठं? पलीकडची खोलीही भरली आहे."

टेबलाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मला धरावं लागलं. आम्ही ते उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं, त्यावर खुर्ची उलटी टाकली आणि आत येऊन उभ्यानेच शिकवलं. दुपारी पाऊस आला. कुणी घरी गेलं नाही.

टेबल पुढं बाहेरच राहिलं. व्हरांडा हातभर, त्यामुळे त्याचं एक अंग भिजत असे, लाकूड फुगलं आणि ड्रॉवर उघडेनासा झाला. हिवाळ्यात तपासणीला अकोल्याहून साहेब आले. त्यांनी ते टेबल पाहिलं, ड्रॉवर ओढून पाहिला आणि फारच संतापले. सरकारी वस्तू आहे, बाहेर का टाकली, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता काहीतरी नमतं घेणार, चूक झाली म्हणणार, उद्या आत घेतो म्हणणार.

गुरुजी म्हणाले, "आत जागा नाई, साहेब. आत पोट्टे हायेत."